आत्माराम संपावर गेला

खारवेळच्या आत्माराम गोताडला साऱ्या गोष्टी जमायच्या, फक्त 'नाही' म्हणणं जमायचं नाही. गावचं पोस्ट त्याच्याच पडवीत. त्याचा मास्तर तोच, शिक्का मारणारा तोच, झाडू मारणारा तोच, आणि खांद्याला थैली अडकवून वर कातळाच्या सड्यावरच्या वाडीपासून खाली खाडीकाठच्या मोहल्ल्यापर्यंत दारोदार फिरणाराही तोच. सरकारी कागदात त्याला ग्रामीण डाक सेवक म्हणत, गावात नुसतं 'टपाल'. टपालाबरोबर तो म्हाताऱ्यांची औषधं न्यायचा, खुडुक कोंबडीखाली ठेवायला अंडी न्यायचा. एकदा तर रुसून माहेरी निघालेली एक नवी सून त्याने वाटेतून परत सासरी पोचवली आणि पोच म्हणून सासूची सही घेतली, असं लोक शपथेवर सांगतात.

अशा माणसाला संघटनेचा निरोप आला. मंगळवारपासून बेमुदत संप. जिल्ह्यातल्या सगळ्या डाक सेवकांनी रत्नागिरीला मोठ्या पोस्टासमोर येऊन बसायचं. आत्मारामने मान डोलावली, कारण संघटनेला तरी 'नाही' कसं म्हणणार? पण गावाला कसं सांगायचं, की मंगळवारपासून मी येणार नाही? सांगायला म्हणून तो शनिवारी निघाला आणि घरोघरचा चहा पिऊन, कोणालाच काही न सांगता परतला. रविवारी तेच. सोमवारी त्याने सांगण्याचा नाद सोडला. बायको जनी लेकीच्या बाळंतपणाला विरारला गेलेली. पडवीला कुलूप घातलं आणि संध्याकाळच्या शेवटच्या एस्टीत तो मागच्या सीटवर, मान खाली घालून बसला. कोंबडी चोरून निघालेल्या माणसालासुद्धा कोणी एवढं चोरट्यासारखं बसलेलं पाहिलं नसेल.

गाडी सड्यावर चढली तेव्हा त्याला दुसरीच भीती वाटायला लागली. आपण नसल्याने लोकांची अडचण होईल, ही झाली पहिली भीती. अडचण झालीच नाही तर?

मोठ्या पोस्टासमोर मांडव घातला होता. खाली सतरंज्या, वर लाल कापडाचा फलक. संघटनेचा सेक्रेटरी संदेश, तिशीतला तडफदार गडी, माईक हातात घेऊन सांगत होता, "संपात माणसं दोनच. एक काम थांबवणारा आणि दुसरा काम अडलेला. दुसरा ओरडला नाही, तर पहिल्याला कोण कुत्रं विचारतंय? तेव्हा गावाकडून फोन आले की मला सांगत जा. तेच आपलं बळ."

आणि फोन यायला लागले. सगळ्यात जास्त आले मुरुडच्या लवूला. हा लवू म्हणजे आवाजाचं कोठार. दारात न जाता, मुरुडच्या किनाऱ्यावर उभा राहून आपण अख्ख्या गावाला पत्रं वाचून दाखवू शकतो, असं त्याचं म्हणणं. फोन आला की तो स्पीकर लावायचा.

"लवूभाऊ, कलमांचं पार्सल अडकलंय, सुकतील रे ती!"

"सुकू देत!" लवू खुशीत ओरडायचा. "सरकारला सांगा!"

फोन ठेवला की लगेच दुसरा. अलोऱ्याच्या ऋतिकाला तर गावातल्या बायांनी पाळी लावून शिव्या घातल्या. ती ओढणीत तोंड लपवून हसत होती. ज्याला शिवी जास्त त्याचा भाव जास्त, असं मांडवात झालं होतं.

आत्मारामचा फोन मांडीवर आडवा पडला होता. दुपार झाली. आत्मारामने तो उजव्या मांडीवरून डाव्या मांडीवर ठेवला. मग त्याने लवूकडून फोन मागून घेतला आणि स्वतःलाच लावून पाहिला. व्यवस्थित वाजला. म्हणजे यंत्रात खोट नव्हती.

"काय आत्मारामकाका," लवू म्हणाला, "तुमचं गाव मेलं की काय?"

सगळे हसले. आत्मारामही हसला, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेला. एवढी वर्षं पायाची नखं झिजवली, आणि आपण नाही हे खारवेळला दिवसभरात कळलंसुद्धा नाही? मग आपण नेत होतो ते काय होतं?

संध्याकाळी उन्हं उतरताना एकदाचा त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आत्माराम एवढ्या घाईने उठला की सतरंजी त्याच्या पायाबरोबर उठली. "हॅलो! बोला! मी आत्माराम!" तो लवूला ऐकू जाईल अशा बेताने ओरडला.

पलीकडून "या अल्ला!" अशी किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

"राँग नंबर," आत्माराम हळूच म्हणाला आणि बसला.

*

आता खारवेळला काय झालं होतं ते सांगायलाच हवं.

टपालाची थैली रोज सकाळच्या एस्टीने येते. स्टॉपवर येसूबाई भाजीची पाटी घेऊन बसते. येसूबाईच्या कानाशी सुतळी बॉम्ब फोडला तर "कोण खोकलं गो?" असं विचारील, इतके तिचे कान तयार. पण गावाची पहिली बातमी तिच्याकडेच येते, कारण पहिली एस्टी तिच्यासमोर थांबते. मंगळवारी थैली उतरली नाही. येसूबाईने खालून हात नाचवून विचारलं, काय झालं?

इंजिन घरघरत होतं. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "आज थैली नाय! आत्माराम संपावर गेला!"

येसूबाईच्या कानांनी त्या वाक्याचे आपल्या सोयीने तुकडे पाडले. आत्माराम संपला. वर गेला.

"अरे देवा! कधी?"

"काल संध्याकाळी. आमच्याच गाडीने गेला!"

येसूबाईने एस्टीच्या चाकांकडे पाहिलं. चाकं लाल मातीने माखलेली होती. तिने डोळ्याला पदर लावला. "मग आता रे?"

"आता कसला येतो इतक्यात!" म्हणत कंडक्टरने घंटी ओढली.

बातमी सड्यावरून उतरली ती एस्टीच्या पुढे धावत. वाडीत आत्माराम एस्टीखाली गेला होता. मोहल्ल्यात पोचेपर्यंत त्याला हार्टचा झटका आला होता. मोहल्ल्यातून ती परत वर आली तेव्हा तो रत्नागिरीच्या दीपगृहावर रजिस्टर द्यायला चढला होता, आणि शेवटच्या पायरीवर, सही घेता घेता, गेला होता. ही शेवटची गोष्ट सगळ्यांना पटली. सही घेतल्याशिवाय तो मरणार नाही, हे गावाला ठाऊक होतं.

मग प्रश्न पडला चुलीचा. गावात मयत असली की ती उठेपर्यंत चूल पेटवत नाहीत. पण इथे मयत रत्नागिरीत. आंब्याचा बागाईतदार बाबू याला प्रत्येक विषयात मत असतं. त्याने निकाल दिला, "माणूस गावचा, म्हणजे मयत गावचीच. मग ती असेना का कुठेही." झालं, चुली थंड. खाली मोहल्ल्यातही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मासूमाखालाने पेटवलेला गॅस बंद केला. अख्ख्या खारवेळने त्या दिवशी केळी आणि फोडणी नसलेले दडपे पोहे खाल्ले. जनीला मात्र कळवायचं नाही असं बायकांनी ठरवलं. लेक तिकडे अवघडलेली. आधी माणूस घरी आणू, अंगण सारवून ठेवू, आणि मग तिला सांगू. सारवलंही. आत्मारामचं अंगण गेल्या दिवाळीलासुद्धा एवढं नीट सारवलं नव्हतं.

आणायचा तर आणायचा कुठून? गुलाम रसूल हा जन्म जहाजावर काढलेला जुना खलाशी, आत्मारामचा दोस्त. त्याने विचार केला, ज्याच्याकडे आत्मारामचा फोन असेल त्याला माहीत असणार. आयातचा, म्हणजे लेकीचा फोन घेऊन तो रेंजसाठी सड्यावर चढला, आणि नंबर लावला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

दर्यातली वादळं पाहिलेला तो माणूस धावत खाली आला आणि थेट मासूमाखालाच्या ओटीवर बसला.

"खाला, तो बोलला."

"काय बोलला?"

"म्हणाला, मी आत्माराम."

मासूमाखालाने तसबीहची माळ एकदा पुरी फिरवली. मग म्हणाली, "बोलावतोय. जायला हवं."

*

बुधवारी दुपारी मोठ्या पोस्टासमोर बाबूचा आंब्याचा टेंपो थांबला आणि त्यातून खारवेळ उतरलं. पुढे बाबू, खांद्यावर दोन हिरवे बांबू. मागे गुलाम रसूल, हातात अत्तराची बाटली. मग झेंडूचे हार, मडकं, नवं कापड, आणि चुरगळलेल्या तोंडांच्या बायका. विचारत विचारत ते आधी सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथल्या वॉचमनने सांगितलं, "टपालवाले ना? सगळे पोस्टासमोर पडलेत." सगळे, हे ऐकून येसूबाई टेंपोतच खाली बसली होती.

संदेशने ही मिरवणूक पाहिली आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "खारवेळ ग्रामस्थांचं स्वागत!" तो माईकवर गरजला. "बघा मित्रांनो, अख्खं गाव पाठिंब्याला आलंय! फलक बांधायला बांबूसुद्धा घरचे!"

"आत्माराम गोताड!" बाबू रडवेल्या आवाजात ओरडला.

"अमर रहे!" गाव म्हणालं.

संपवाल्यांना ही घोषणा जरा जुन्या पद्धतीची वाटली, पण त्यांनी जोरात साथ दिली. लवूच्या 'अमर रहे'ने समोरच्या झाडावरचे कावळे उठले ते पार समुद्रकाठी भाट्याच्या पुळणीवर जाऊन बसले.

आणि आत्माराम? तो चहाची किटली घेऊन परत येत होता. गावची माणसं दिसली तसा तो जागीच थबकला. आपल्याला ओढून न्यायला आलीत! तो मांडवाच्या मागच्या कनातीआड सरकला, किटली छातीशी धरून.

संदेशने मासूमाखालाला हात धरून पुढे आणलं आणि माईक दिला. "खाला, दोन शब्द बोला. आत्मारामकाकांबद्दल."

मासूमाखालाने माईकला हात लावून पाहिला. "मला बोलता येत नाय," ती म्हणाली. "माझ्या दाराला टपाल कुठलं? तन्वीर माझा कुवेतला. फोनवर तोंड दाखवतो, ते मी बघते. पण हा रोज माझ्या उंबऱ्याशी थांबायचा. थैली उघडायचा, खरोखरीची आत बघायचा, आणि म्हणायचा, 'आज नाय हां खाला.' बाकी सगळे मला 'नाय' म्हणतात बाबांनो. डॉक्टर नाय म्हणतो. गुडघे नाय म्हणतात. लेकाला विचारलं, ईदला येतोस? तर तो पण नाय म्हणतो. हा एकटा 'आज नाय' म्हणायचा. मग मला वाटायचं, उद्याचा दिवस हाय म्हणजे. असं करत करत मी इतकी म्हातारी झाले. आता कोण यायचा उंबऱ्याशी?"

ऋतिकाने ओढणी डोळ्यांना लावली. कनातीमागे आत्मारामच्या हातातली किटली वाकडी होऊन गरम चहा त्याच्या पायावर सांडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

मग गुलाम रसूल बोलला, मग वाडीतली एक सून बोलली. आत्माराम घरात डोकावून जायचा म्हणून आपली सासू पडलेली वेळेवर कळली, असं तिने सांगितलं. "आत्मारामच्या आत्म्याला," बाबूने सुरू केलं, "शांती लाभो." तेव्हा कुठे आत्मारामच्या टाळक्यात प्रकाश पडला. ही शोकसभा आहे. आणि आपली आहे!

सरळ माणूस असता तर तिथल्या तिथे बाहेर आला असता. पण स्वतःची शोकसभा मध्येच मोडायची म्हणजे काळीज फार मोठं लागतं, आणि आत्माराम कालपासून एका शब्दासाठी भुकेला होता. म्हटलं, अजून एक जण बोलू दे. मग अजून एक. तो तसाच ऐकत राहिला असता तर बाराव्यापर्यंत थांबला असता, पण बाबूला राहवलं नाही.

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," बाबू म्हणाला. "पण खरं ते खरं. माझी शेतीची मासिकं यायची, ती आधी हा वाचायचा. पानांवर चहाचे डाग असायचे."

"खोटं!" कनात बाजूला झाली आणि किटलीसकट आत्माराम बाहेर आला. "वाचली कधी रे? नुसती चित्रं बघितली!"

गुलाम रसूलच्या हातातली अत्तराची बाटली खाली पडली आणि संपाला गुलाबाचा वास सुटला. कोणी किंचाळलं, कोणी देवाचं नाव घेतलं. बाबू बांबूंच्या मागे गेला. येसूबाई तेवढी पुढे आली. तिने आत्मारामचा दंड चिमटून पाहिला, मग गाल चिमटून पाहिला.

"मेल्या!" ती ओरडली. "तू मेला नाहीस?"

"कोणी सांगितलं मी मेलो?"

सगळ्या माना येसूबाईकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताव? कंडक्टर म्हणाला. संपला, वर गेला, म्हणाला. आमच्याच गाडीने गेला, म्हणाला!"

मग लवू जो हसत सुटला तो सतरंजीवर आडवाच झाला. त्याच्यामागून मांडव हसला, गाव हसलं, रस्त्यावरचे रिक्षावालेही काही न कळता हसले. फक्त मासूमाखाला हसली नाही. तिने आत्मारामच्या भाजलेल्या पायाकडे पाहिलं आणि पदराच्या टोकाने त्यावरचा चहा टिपला.

"चल तर मग," बाबू डोळे पुसत म्हणाला. "टेंपो उभा हाय. एवढं रडवलंस ना आम्हाला? आता उद्या सकाळी टपाल घेऊन दारात ये."

आणि गंमत बघा, आत्मारामचं एक पाऊल टेंपोच्या दिशेने पडलंसुद्धा. कालपासून तो ज्याची वाट बघत होता ते हेच तर होतं. गाव न्यायला आलं होतं. संदेशचा चेहरा उतरला. मांडवातल्या सगळ्यांच्या नजरा त्या पावलावर होत्या. हा उठला तर उद्या दुसरं गाव येणार, परवा तिसरं, आणि सतरंज्या तेवढ्या उरणार.

"येशील ना रे उद्या?" मासूमाखालाने विचारलं.

दुसऱ्या कोणाला 'नाही' म्हणणं अवघड होतं. हिला म्हणणं म्हणजे स्वतःच्या तोंडात विस्तव घालणं. आत्माराम किटलीच्या झाकणाशी खेळत राहिला.

"संप कशापायी केलाव?" गुलाम रसूलने विचारलं. हे आजवर गावातल्या कोणी विचारलंच नव्हतं, आणि आत्मारामने सांगितलं नव्हतं.

"रसूलभाय," आत्माराम म्हणाला, "मी दिवसभर फिरतो, पण कागदावर माझं काम अर्ध्या दिवसाचं. मी पोस्टाचा, पण कागदावर पक्का नोकर नाय. तुमची सगळ्यांची पेन्शनं मी घरपोच केली. मला स्वतःला नाय. दोन वर्षांनी थैली खाली ठेवली की मी मोकळा आणि हात पण मोकळे."

"हे कधी बोलला नाहीस रे?" बाबू म्हणाला.

"तुम्ही चहा देत होताव. चहा पिताना कसं बोलणार?"

बाबूने बांबू खाली ठेवले. मासूमाखालाने विचारलं, "आणि तू थैली ठेवलीस की माझ्या उंबऱ्याशी कोण?"

"ते पण त्या मागण्यांतच हाय खाला. नवं पोर यायला तर हवं. अशा नोकरीत कोण टिकतो?"

"मग बस," मासूमाखाला म्हणाली.

"काय?"

"खाली बस. उठू नकोस." तिने त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला सतरंजीवर बसवलं, शाळेतल्या पोराला बसवावं तसं. "मी थांबेन. इतकी वर्षं थांबायचीच मला सवय हाय."

"आमच्या जहाजावर पण संप झाला होता," गुलाम रसूल बाबूला म्हणाला. "बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं. पाप लागतं."

संघटनेच्या खिचडीचं पातेलं तेवढ्यात उतरलं. मयत उठून स्वतःच्या पायाने फिरत होती, म्हणजे चुलीचा नियमही सुटला होता. खारवेळच्या लोकांनी कालपासूनची भूक काढली. त्यांनी खिचडी एवढी खाल्ली की दुसऱ्या दिवशी संघटनेला तांदूळ नव्याने आणावा लागला, आणि तो बाबूने पाठवला. झेंडूचे हार वाया जायला नकोत म्हणून संदेशच्या, लवूच्या आणि ऋतिकाच्या गळ्यात पडले. बांबूंना खरोखरच फलक बांधला.

संध्याकाळच्या आत टेंपो निघाला. आत्माराम पोचवायला रस्त्यापर्यंत गेला. बायका हौद्यात चढल्या. मासूमाखालाला गुलाम रसूलने पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवलं.

"कधी येणार रे?" हौद्यातून येसूबाईने विचारलं.

संप संपला की येतो, असं म्हणायला आत्मारामने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. 'संपला' म्हणायची तर आता सोयच नव्हती. 'मिटला' म्हणावं, तर ही घरी जाऊन आत्मारामने डोळे मिटले म्हणून सांगेल. 'आटोपला' म्हणावं तर त्याहून वाईट. 'सुटला'? 'उरकला'? आपल्या भाषेत एखादी गोष्ट पुरी झाल्याचं सांगायचं, तर दर शब्दात कोणी ना कोणी मरून बसलेलं. टेंपो सुरू झाला, येसूबाई कानाशी हात नेऊन वाट बघत होती.

"येतो!" आत्माराम जिवाच्या आकांताने ओरडला.

"काय म्हणाला गो?" येसूबाईने शेजारणीला विचारलं.

पुढे बसलेल्या मासूमाखालाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो टेंपो वळेपर्यंत तसाच बाहेर ठेवला. आत्माराम मांडवात परतला तेव्हा लवूने सतरंजीवर त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. लवू एकदम खालच्या आवाजात, त्याच्या जन्मात पहिल्यांदाच, म्हणाला, "काका, तुम्ही इथे माझ्याजवळ बसा."